पट्टकदंब : फेरी चौथी, नोंद शून्य

कार्तिक संपत आला, पहाटे गाडीवर बोटं आखडायला लागली, म्हणून रविवारी पुन्हा पैठण गाठलं. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाची या मोसमातली ही चौथी फेरी. मागच्या तीन वेळा जे लिहिलं तेच आधी लिहून मोकळा होतो : पट्टकदंब नाही. एकही नाही.

नव्या मंडळींसाठी थोडं. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा हंस उन्हाळ्यात लडाख, तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवतो. तिकडं तळी गोठली, गवत बर्फाखाली गेलं की हिमालय ओलांडून आपल्याकडं उतरतो. यंत्र लावून माग काढलेले काही पक्षी 7000 मीटरच्याही वर उडाले आहेत, आणि हा प्रवास बराचसा रात्री नाहीतर पहाटे होतो. थंड हवा दाट असते, पंखाला जोर मिळतो. तर असं आहे, की जत्रेतल्या गोळ्यापलीकडं ज्यानं बर्फ पाहिला नाही असा मी रोज रात्री फोनवर लेहचं तापमान बघत बसतो. बायकोनं परवा विचारलंच, "तिकडं कोण आहे आपलं?"

सोनेवाडीच्या बाजूला गाडी बाभळीखाली लावली आणि काठाकाठानं चालायला लागलो. तूर पिवळी फुललेली, कापसाची वेचणी चाललेली, ज्वारी कमरेला आलेली. आता वाळलेल्या कुसळीच्या गवतातून जाताना मी दरवर्षी तीच चूक करतो : आखूड मोजे. यावेळी धुऱ्यावर बसून एक कुसळ नीट उपटून पाहिलं. टोक सुईसारखं, त्यावर उलट्या दिशेची बारीक लव, मागं पीळ पडलेली लांब शेपटी. दवात मोजा ओला झालेला. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि टोक फिरत फिरत आत घुसतं. बी मातीत रुजवायची ही त्या गवताची रीत. माझा घोटा त्याला जमीन वाटला, त्याचा काय दोष! दोन्ही पायांतली निवडून काढायला पाऊण तास गेला.

मग ती थर्माकोलची भानगड. लांब पाण्यावर सात पांढरट ठिपके, एका ओळीत, हलके डुलणारे. काळजात धस्स झालं. 8 बाय 42 ची दुर्बीण, समोरून उन्हाची तिरीप, तरी "सात पट्टकदंब?" असं वहीत लिहूनसुद्धा टाकलं. वीस मिनिटं वाकून वाकून जवळ गेलो, तर मासेमारांच्या जाळ्याला बांधलेले थर्माकोलचे तुकडे. नोंद खोडली नाही, मुद्दाम ठेवली आहे. प्रश्नचिन्हासकट.

बाकी पाणी ओस नव्हतं. वारकरी भरपूर. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, नाव देणाऱ्यानं बरोबर दिलंय. नाथषष्ठी फाल्गुनात, हे मात्र पैठणला कार्तिकातच मुक्कामी. हळदीकुंकू बदकांच्या चार जोड्या. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकू. हे तर बारमाही इथलेच. थापटे साठेक, तलवार बदकं अकरा, चक्रवाक दोनच. पाकोळ्या मोजायच्या भानगडीत पडलो नाही. एक दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, वरून गेला आणि सगळी बदकं एकदम उठली, त्यामुळं थापट्यांचा आकडा अंदाजाचा समजा.

यंदा धरण काठोकाठ भरलं होतं, पाणी आता कुठं उतरायला लागलंय. नाथसागर म्हणजे उथळ बशी. पाणी थोडं उतरलं तरी काठ लांब मागं सरकतो आणि खालचा गाळ उघडा पडतो. त्यावर लोक गाळपेर करतात, हरभरा नाहीतर गहू. अशा एका ओल्या तुकड्यावर एक मामा मेढी ठोकत होते. माझ्याकडं बघून म्हणाले,

"सर, कवापासून बघायलो, पाण्याकडं वाकून वाकून काय शोधायलात?"

पट्ट्याचे हंस म्हटल्यावर हसले.

"ते व्हय! ते आत्ता काहून येतील? माझा हरभरा कुठं उगवलाय अजून? कवळे शेंडे दिसले की रातच्याला उतरतेत न् सकाळपर्यंत पट्टाच्या पट्टा साफ करतेत."

आले की फोन करा म्हणून मी नंबर दिला.

"करतो की. पण मंग राखणीला तुमी बसायचं."

कबूल केलं. दुर्बीण त्यांना दिली तर त्यांनी हंस-बदकं सोडून आधी पलीकडच्या काठावर कुणाची मोटार चालू आहे ते पाहिलं.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. तीन हिवाळ्यांतलं पहिलं दर्शन प्रत्येक वेळी डिसेंबरात आहे. शेजारी मी लेहचं किमान तापमान लिहिलंय, आकडे तिन्ही वर्षी वेगवेगळे. आणि त्याच पानांवर, मला आठवतसुद्धा नव्हतं, तिन्ही वेळा एक शब्द आहे : "हरभऱ्यात".

मामांनी पेरून आठ दिवस झालेत. पाचवी फेरी अजून दोन आठवड्यांनी ठेवतो. मोजे गुडघ्यापर्यंतचे आणलेत.