३२ पानांतला मांडा

अमळनेरच्या एका माध्यमिक शाळेत मी गेली २२ वर्षे चित्रकला शिकवते आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांची स्थिरचित्रे तपासता तपासता स्वतःचे काही काढायचे राहून जाते, ही तक्रार बहुतेक कला शिक्षकांची असते, तशी माझीही होती. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात याच गावातल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत असत, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या शाळेतही दरवर्षी हस्तलिखित निघते. परंतु त्याच्या मुखपृष्ठापलीकडे माझी चित्रे कधी गेली नव्हती. मी लिहिलेले आणि मीच चित्रे काढलेले पहिले पुस्तक गेल्या वर्षी छापून आले. ते व्हायला चार वर्षे लागली.

गोष्ट अगदी लहान आहे. सुरतेला राहणारी सहा वर्षांची मुलगी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताप्ती लाइनच्या (सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या) गाडीने आजीकडे येते. आपल्याकडची किती तरी कुटुंबे कामासाठी सुरतेला गेली आहेत. तिथल्या मुलांच्या तोंडी घरातली अहिराणी, म्हणजे खानदेशची बोली, असते, पण खापर (मांडे भाजायचे मातीचे भांडे), चूल, पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या काटक्यांचा) भारा हे त्यांनी पाहिलेले नसते. म्हणून ही मुलगी प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून “हाई काय शे?” असे विचारते, आजी एका शब्दात उत्तर देते, आणि शेवटी खापरावर मांडा, म्हणजे हातांवर वाढवलेली मोठी पातळ पुरणपोळी, होतो.

पहिला मसुदा मात्र १,४०० शब्दांचा झाला होता. मला तो फार आवडला होता. चित्रे काढायला बसल्यावर कळले की जे मी लिहिले आहे तेच मी काढतेही आहे, म्हणजे मुलाला एकच गोष्ट दोनदा सांगते आहे. “आजी दमली होती” हे वाक्य खोडले आणि चित्रात तिला पदराच्या टोकाने मानेवरचा घाम टिपताना दाखवले. चुलीतली पऱ्हाटी मागे ओढल्यावर जाळ कसा बसतो याचा एक परिच्छेद होता, तो सबंध गेला, कारण दोन चित्रांत जाळाची उंची बदलली की काम भागत होते. खोडत खोडत ३१० शब्द उरले. लेखिका म्हणून मला याचे वाईट वाटले, आणि चित्रकार म्हणून मी मोकळी झाले.

त्यानंतर डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची हाती प्रत, केली. साधे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पाने होतात. छपाईच्या एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने म्हणजे फॉर्म; १६ पानांचा एक फॉर्म धरला तर ३२ म्हणजे दोन फॉर्म, त्यामुळे छपाईचा हिशेब नीट बसतो. शीर्षकपान आणि श्रेयपान वजा केल्यावर गोष्टीला साधारण १४ जोडपाने (समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) मिळतात, आणि त्या १४ वेळा पान उलटण्यातच गोष्ट बसवावी लागते. पान उलटल्यावर काय दिसेल याची उत्सुकता डाव्या पानावर वाया घालवायची नाही, ती उजव्या पानाच्या शेवटी ठेवायची, हे मला चौथ्या डमीपर्यंत उमगले नव्हते. अशा एकूण सात डमी झाल्या.

सर्वांत अधिक वेळ मांड्याने घेतला. आमच्या सासूबाई अजूनही अखाजीला मांडे करतात. कणीक पाणी लावून लावून इतकी सैल मळलेली असते की ती परातीला चिकटून लांबत जाते. तिच्यात पुरण भरायचे, गोळा थोडा लाटायचा, आणि मग तो दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत वाढवायचा. तो कोपरापर्यंत येतो तेव्हा त्याच्यातून बोटांची सावली दिसते. नेमकी तीच सावली मला हवी होती. मी कागदावर पांढरा पोस्टर रंग लावून ती आणायला गेले, आणि सासूबाईंनी चित्र पाहून एवढेच विचारले, “असा मांडा ऱ्हास का?” (असा मांडा असतो का?) त्यांचे खरे होते, ते वाळत घातलेले धोतर दिसत होते. जलरंगात पांढरा हा कागदाचाच ठेवावा लागतो, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. शेवटी कागद ओला करून बोटांच्या जागी अगदी पातळ गेरू सोडला, कडेला पुरणाचा पिवळा झिरपू दिला, आणि ११ कागद फुकट गेल्यावर बारावा जमला.

प्रकाशकांबद्दल थोडक्यात सांगते. एकाने आठ महिने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने एकरकमी पैसे देऊ केले आणि सोबत ‘सर्व हक्क कायमचे’ असा करार पाठवला. सही करण्याच्या आधी मी तो आमच्या शेजारच्या वकिलांना दाखवला. ते म्हणाले, “ताई, शब्दांचे राहू द्या, आधी चित्रांचे कलम वाचा.” प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखनाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे लेखकाचा असतो. परंतु कोणी मोबदला देऊन सांगितल्यावरून चित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्राचा पहिला हक्क ते काढायला सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे एकाच पुस्तकात माझ्या एका हाताला एक नियम आणि दुसऱ्या हाताला दुसरा. शिवाय करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे धरले जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. पण ‘कायमचे’ असे लिहूनच दिल्यावर या तरतुदींचा उपयोग उरत नाही. मी तो करार परत पाठवला. शाळेचा पगार होता म्हणून परत पाठवता आला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तिसरे प्रकाशक पुण्याचे. त्यांनी छापील किमतीवर स्वामित्वधन, सात वर्षांची मुदत आणि मूळ चित्रे माझ्याकडेच, हे सगळे मान्य केले. अडले ते “हाई काय शे?” वर. संपादकबाईंचे म्हणणे असे की कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या मुलाला ते कळणार नाही, तेव्हा “हे काय आहे?” करू या. मी म्हटले, प्रत्येक पानावर मुलीचे बोट त्या वस्तूवर आहे, अर्थ त्या बोटातच आहे. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: त्यांनी पाच वर्षांच्या भाच्याला डमी वाचून दाखवली होती, आणि तिसऱ्या पानापासून तोच बोट ठेवून ते वाक्य म्हणू लागला होता. वाक्य राहिले.

छपाईने मात्र शिकवणी घेतली. पानाच्या चारही बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त लागते, कारण कापताना कडा जाते. मी ते सोडले नव्हते, त्यामुळे दोन चित्रांच्या कडा पुन्हा रंगवाव्या लागल्या. मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवायचा, म्हणजे पुढे दुसऱ्या भाषेत आवृत्ती काढायची झाल्यास छपाईच्या चार रंगांच्या चार प्लेटांपैकी एकच बदलते, ही युक्ती मला फार आवडली. प्रूफ (तपासणीची नमुना छपाई) चकचकीत कागदावर आले होते आणि पुस्तक मॅपलिथोवर, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या कागदावर, छापायचे होते. मॅपलिथो शाई पिऊन घेतो. चुलीचा जाळ प्रूफमध्ये लखलखत होता, तो मशीनवरच्या पहिल्या कागदावर विटकरी पडला. मी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेले होते म्हणून ते पाहता तरी आले. मशीनमननी लाल थोडा उतरवला, आठ-दहा कागद काढून पाहिले, आणि जाळ बराचसा परत आला, पहिल्यासारखा नाही.

मांड्याचे चित्र मी जोडपान २०-२१ वर ठेवले होते. मशीनमननीच ते पाहून मान हलवली. पिन मारलेल्या पुस्तकात समोरासमोरची दोन पाने बहुधा वेगवेगळ्या कागदांवरची असतात आणि घडी घालताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. मांडा बरोबर मध्ये तुटलेला दिसला असता. सुदैवाने आतला फॉर्म अजून प्लेटवर चढायचा होता. पान १६-१७ हा पुस्तकाचा मध्य, तिथे सबंध कागद एकच असतो. मग त्याच दिवशी प्रेसच्या ऑफिसात बसून मी आणि संपादकबाईंनी गोष्टीचा क्रम फिरवला, मांडा मध्यावर आणला आणि पुढच्या पानांवर तो खापरावर भाजणे, घडी घालणे आणि तुपासोबत खाणे रंगवले. तीन चित्रे नवीन काढावी लागली. त्यासाठी प्रकाशकांनी छपाई महिनाभर थांबवली.

पुस्तक आल्यावर मी ते शाळेजवळच्या अंगणवाडीत घेऊन गेले. मुले गोल बसली होती. मध्यावरचे जोडपान उघडल्यावर त्यांतला एक मुलगा गुडघ्यांवर पुढे सरकला. बोटांची सावली, झिरपलेला पिवळा, यांपैकी कशाकडेही त्याने पाहिले नाही. मांड्याच्या बरोबर मधोमध चमकणाऱ्या दोन पिनांपैकी वरच्या पिनेवर त्याने बोट ठेवले आणि मला विचारले, “हाई काय शे?”