मिटलेल्या डोळ्यांपुढे काहीच नाही

झोप लागत नाही म्हणून आलेला इंजिनियर. समुपदेशनाच्या सत्रात अंग सैल सोडायला लावून मी म्हटलं, "आता समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा." त्यांनी डोळे उघडले. "मॅडम, ही नुसती बोलायची पद्धत ना? की खरंच कुणाला काही दिसतं?"

मला लाटेचा फेससुद्धा दिसतो म्हटल्यावर त्यांना थट्टाच वाटली.

मग किनारा राहिला बाजूला. आईचा चेहरा? हनुवटीवर डावीकडे तीळ आहे, हे पाठ, चित्र नाही. घराला खिडक्या किती? चटकन सांगितल्या. कशा मोजल्या? "मनातल्या मनात खोल्यांतून चालत गेलो. पण अंधारात." गंमत म्हणजे स्वप्नं त्यांना दिसतात, डोक्यात गाणंही वाजतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांची १९७३ सालची १६ प्रश्नांची चाचणी दिली. मनातलं चित्र किती स्पष्ट, याला प्रत्येकी १ ते ५ गुण. त्यांची बेरीज आली १६, म्हणजे तळच.

ब्रिटिश वैज्ञानिक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हाही कित्येक वैज्ञानिकांना असं काही 'दिसतं' हेच पटेना. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मनात असं चित्रच न उमटण्याला 'अफँटेसिया' हे नाव दिलं. हा आजार नव्हे.

तरी शंका उरतेच: अनुभव वेगळा, की फक्त वर्णन? दोघांना सारखंच अंधुक काही जाणवत असेल, मी त्याला 'दिसणं' म्हणते, ते म्हणत नाहीत, एवढंच? मला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे २०२२ मधला डोळ्यांच्या बाहुल्यांवरचा प्रयोग. लख्ख उजळ आकार नुसता कल्पिला तरी बहुतेकांच्या बाहुल्या आकसतात. अफँटेसिया असलेल्यांच्या तशा आकसल्या नाहीत. खऱ्या उजेडाला मात्र त्या नीट प्रतिसाद देत होत्या. शिवाय एकाऐवजी चार आकार कल्पायला सांगितल्यावर त्या रुंदावल्या, म्हणजे डोकं कामाला लागलेलं होतं. प्रयत्नच केला नाही, असं म्हणायची सोय नाही. (माझा लाल आणि तुमचा लाल एकच का, हा जुना प्रश्न यानं सुटत नाही, ते सोडा.)

झोपेसाठी मग श्वास आणि अंगाचा जडपणा यांवर काम केलं. ते त्यांना जमलं. निघताना उलट मलाच विचारलं, "तुम्हाला नको तेव्हाही दिसत राहतं? मग कामं कशी होतात हो तुमची?"