शपथेवर सांगते

मागच्या मार्चमध्ये मला समन्स आलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या बँकेसमोर एका टेंपोनं मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं. मी तेव्हा शेजारच्या टपरीवर चहा घेत उभी होते. पंचनाम्यावर सही करून विसरूनही गेले होते. आता साक्ष. तालुक्याच्या कोर्टात दोन तारखा नुसत्या बाकावर बसून गेल्या, तिसऱ्या तारखेला पावणेचारला माझ्या नावाचा पुकारा झाला.

सिनेमातली लाल फडक्यात गुंडाळलेली गीता कुठं दिसली नाही. पिंजऱ्यात चढले, तर एका कर्मचाऱ्यानं माझ्याकडे न बघताच सुरुवात केली, "म्हणा, मी ईश्वराची शपथ घेऊन सांगते की..."

"मी," म्हटलं आणि पुढं जीभच उचलेना.

देव नाही असं मी साधारण बावीस वर्षांची असल्यापासून मानते. ते काही छातीठोकपणे सांगत फिरत नाही. हळदीकुंकवाला जाते, सासरी गौरी बसवते, उकडीचे मोदक तर मीच करते. कुणाचं काही बिघडत नाही. पण इथं पुढचंच वाक्य "खरं सांगेन" असं होतं. आणि खरं सांगायचं वचन द्यायलाच खोट्यानं सुरुवात करायची?

"मला प्रतिज्ञा करायची आहे," मी म्हटलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, म्हणाले, "बरं, प्रतिज्ञेवर घ्या." झालं. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. आरोपीच्या वकिलांना माझ्या नास्तिकपणात काडीचा रस नव्हता. त्यांनी उलटतपासणीत विचारलं ते एवढंच, की चहाचा कप हातात असताना तुमचं लक्ष रस्त्याकडे होतं कशावरून?

घरी येऊन 1969चा शपथांचा कायदा वाचला. छोटासा आहे. ईश्वराच्या नावानं शपथ किंवा गांभीर्यानं प्रतिज्ञा, काय हवं ते साक्षीदारानं निवडावं. त्यातलं सातवं कलम मला फार आवडलं. शपथ द्यायची राहून गेली, तरी साक्षीदाराची खरं बोलण्याची जबाबदारी काही कमी होत नाही. म्हणजे कायद्यानं देवाला खुर्ची दिली आहे, पण तो आला नाही तर काम अडणार नाही अशी सोयही करून ठेवली आहे.

मग वाचतच गेले. 17 ऑक्टोबर 1949ला संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालली होती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही कामाख्येच्या कामरूपातले, मग 'देवीच्या नावाने' का नको? शिब्बनलाल सक्सेनांना ईश्वराबरोबर गांधीजीही हवे होते. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं, ही ज्याच्या-त्याच्या मनातली गोष्ट, ती सगळ्यांवर लादू नका. देवावर मतदान करण्याची पाळी आमच्यावर आणू नका, असं पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं. कामत ऐकेनात. हात वर झाले. बाजूनं 41, विरोधात 68. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस, असं म्हणून कामतांनी देवालाच भारताचं रक्षण करायला सांगितलं.

मला ते 68 जण फार जवळचे वाटतात, आणि मजा अशी की ते काही माझ्यासारखे नव्हते. पूजाअर्चा करणारे त्यात कितीतरी असणार.

आमच्या अण्णांनी काय केलं असतं, याचा मी बराच विचार केला. ते प्राथमिक शिक्षक होते आणि पक्के सत्यशोधक. 'देव' हा शब्द ते वापरत नसत, जोतीरावांचा 'निर्मिक' वापरत. जग कुणीतरी घडवलंय हे त्यांना मान्य होतं, मधले दलाल मान्य नव्हते. "ज्यानं नारळ केला त्याला नारळ काय द्यायचा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आईनं देव्हाऱ्यात नारळ ठेवला की ते म्हणायचे, आणि संध्याकाळी त्याच नारळाची चटणी मागून घ्यायचे. निर्मिकाची शपथ त्यांनी घेतली असती का? मला वाटतं, त्यांनी कोर्टालाच अर्धा तास शिकवणी दिली असती.

आईचं निराळंच. ती माळकरी. गुडघे गेले तोवर नातेपुत्यापासून पुढं दरवर्षी पालखीबरोबर चालायची. तिच्या विठ्ठलाचे पाय दुखतात. आषाढीच्या गर्दीत देवाचा पलंग काढून ठेवतात, कारण देवाला दिवसरात्र दर्शन द्यायला उभं राहायचं असतं. टेकायला पाठीशी फक्त लोड. यात्रा संपली की प्रक्षाळ पूजा. पायांना लिंबू-साखर चोळायची, गरम पाण्याची आंघोळ घालायची, रात्री शिणवटा जावा म्हणून काढा द्यायचा. अण्णा विचारायचे, "दगडाला काढा?" आई म्हणायची, "तुम्हाला सर्दी झाली की मी देते की नाही?" यावर कुठलं तर्कशास्त्र चालणार! चाळीस वर्षांच्या संसारात अण्णा या एका मुद्द्यावर कायम हरले.

कोर्टातलं हे सगळं आईला सांगायला मी जरा कचरतच होते. देवाचं नाव घ्यायला लाज वाटली का, असं म्हणेल असं वाटलेलं. शेंगा सोलता सोलता तिनं ऐकून घेतलं.

"बरं केलंस," म्हणाली. "मीबी नसती घेतली."

"तू? अगं, तू तर माळकरी."

"म्हणूनच की. गळ्यात माळ असल्यावर बाई शपथ घेत न्हाई. टेंपो तू बघितलास, त्यानं बघितला का? त्याला कशाला मधे ओढायचा! अठ्ठावीस युगं विटंवर उभा हाय, त्यात आता कोर्टात उभा करायचा?"

मी काही बोलले नाही. चार शेंगा मीही सोलल्या.

"आणि तो चहा," तिनं मान वर न करता विचारलं, "डॉक्टरनी सांगितल्यापासनं बिनसाखरेचाच घेतीस न्हवं?"

"हो," मी म्हटलं. शपथ थोडीच होती.