दुसरी बरणी

आजी कैरीचं लोणचं कधीच एका बरणीत भरायची नाही. एक बरणी फडताळात, दुसरी माळ्यावर. आणि माळ्यावरच्या बरणीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक. "एकीला बुरशी आली तर वर्षभर काय खाल, माझं डोकं?" मी संगणकावर पोट भरणारा माणूस, तरी यातली मेख मला चाळिशीत कळली.

निमित्त २०१९ च्या ऑगस्टचं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी चढलं. गहू, गाद्या, फ्रिज, गेलं ते गेलं. आईने पाणी ओसरल्यावर आधी अल्बम शोधला. फोटो सोडवायला गेलो तर वरच्या प्लॅस्टिकबरोबर चेहरेच निघून यायला लागले. वाचले ते दोरीला चिमटे लावून वाळत घातले; शेजारच्या गच्चीवरही असंच तोरण. लग्नाच्या फोटोत नुसती आई उरली होती, शेजारी पांढरा डाग. "एरवी तरी हे कुठे वेळेवर हजर असतात!" आई म्हणाली. बाबा तिथेच चिखल उपसत होते.

महिन्याभराने सोलापूरहून मावशीचं पाकीट आलं. आत तोच फोटो, कोरा करकरीत, बाबांसकट! पूर्वी लग्नाच्या फोटोच्या चार-चार कॉप्या काढून माहेरी, काका-मामांकडे पाठवत. कौतुक म्हणून. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने पुढे तीन-दोन-एकचा नियम रूढ केला: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आमच्याकडची 'घराबाहेरची' प्रत सोलापुरात बसून होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग मी जोशात येऊन सगळे फोटो स्कॅन केले आणि एका हार्डडिस्कवर भरून निर्धास्त झालो. म्हणजे लोणचं पुन्हा एकाच बरणीत. वर्षभरात ती डिस्क टक्, टक् करायला लागली. आतल्या चकतीवर वाचणारं टोक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. ते टेकलं की संपलंच. नशिबाने मूळ फोटो अजून पुठ्ठ्याच्या खोक्यात होते. पुन्हा स्कॅन.

क्लाउडचा धडा आईने दिला. फोन भरला म्हणून तिने एका दुपारी आठशे फोटो पुसले. ते क्लाउडवरूनही गेले. सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड सतत एकसारखे ठेवणं, हा नुसता आरसा. समोरून माणूस उठला की आरशातूनही उठतो. कचरापेटीतून परत मिळाले म्हणून निभावलं.

३१ मार्चला म्हणे जागतिक बॅकअप दिन असतो. आपल्याकडे त्या दिवशी कुणाला फुरसत आहे? मी आपला दिवाळीचा मुहूर्त धरलाय. आता दोन डिस्क आहेत. एक माझ्या कपाटात, एक मावशीकडे. तिने ती शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवली आहे. परवा तिचा फोन आला.

"अरे, ती तुझी डिस्क. तिला मधूनमधून ऊन दाखवायचं असतं का?"

"ऊन नको गं मावशी. दिवाळीला येतो तेव्हा लॅपटॉपला लावून बघू."

"बघ बाबा. मी आपली काल तासभर गॅलरीत ठेवली होती."