तुम्ही विचारलंत म्हणून : हिल्डेगार्डच का?

मी वसईची, कॅथलिक. मध्ययुगीन युरोपाचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "त्या काळी चर्चपुढे बोलायची कोणाची बिशाद होती? ती श्रद्धा कसली, नुसती भीती. मग तुम्हाला त्या संतांचं एवढं काय वाटतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल मी एकाच बाईच्या शेवटच्या वर्षाबद्दल सांगते.

जर्मनीतल्या बिंगेनची संत हिल्डेगार्ड, जन्म १०९८ चा. घरच्यांनी लहानपणीच देवाला वाहिलेली मुलगी. पुढे ऱ्हाइन नदीकाठी रुपर्ट्सबर्गला तिने स्वतःचा मठ उभा केला, स्वतःला झालेले दृष्टान्त लिहून ठेवले, औषधी वनस्पतींवर लिहिलं, सत्तरहून अधिक गीतं रचली. पोपपासून सम्राटापर्यंत सगळ्यांना तिची पत्रं जात. हे सगळं मोठंच आहे, पण माझा जीव अडकलाय तो ११७८ सालात.

त्या साली मठाच्या दफनभूमीत एका सरदाराला मूठमाती दिली गेली. हा माणूस एकेकाळी चर्चने बहिष्कृत केलेला. पण मरणापूर्वी त्याने पापनिवेदन केलं होतं, त्याला अंत्यलेपन (मरणासन्न माणसाला तेल लावून करायचा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसादही मिळाला होता. मठ ज्यांच्या अधिकारात होता ते माइन्झ शहराचे आर्चबिशप तेव्हा इटलीत होते. त्यांच्या माघारी माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला: प्रेत उकरून बाहेर काढा, नाहीतर मठावर बंदी.

हिल्डेगार्ड तेव्हा ऐंशीची. तिने साफ नकार दिला. ज्याला देवाने क्षमा केली त्याला मातीतून ओढून काढणं म्हणजे संस्कारांचाच अपमान, असं तिचं म्हणणं. तिने हातातल्या काठीने त्या थडग्यावर क्रुसाची खूण केली, असं तिच्यामागे सांगितलं गेलं.

मग बंदी आली. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, प्रार्थना गायची नाही, हलक्या आवाजात नुसती वाचायची. पवित्र गुरुवारच्या रात्रीपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत आमच्या चर्चमध्ये घंटा वाजत नाही. तेवढी शांतताही अंगावर येते. ज्या मठाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत स्तोत्रं गाण्यात जायचा, तिथे हे महिनोन्‌महिने चाललं.

आणि इथेच ती मला फार मोठी वाटते. प्रेत उकरायचा हुकूम तिने मोडला, पण त्याबद्दलची शिक्षा मात्र पाळली. मठातल्या बहिणींना गप्प राहायला सांगितलं आणि स्वतः लिहायला बसली. धर्माधिकाऱ्यांना तिने जे पत्र धाडलं त्यात दयेची भीक नाही. पहिला माणूस आदाम, त्याच्या आवाजात पाप करण्यापूर्वी देवदूतांच्या गाण्याचा गोडवा होता, ती म्हणते. माणूस गाऊ लागला की सैतानाला ते सोसवत नाही, कारण गाणाऱ्या माणसाला हरवलेल्या स्वर्गाची आठवण येते. म्हणून सैतान ही स्तुती बंद पाडायला टपलेला असतो, अगदी चर्चच्या आत शिरूनसुद्धा. पुरता विचार न करता देवाची स्तुती बंद करणाऱ्यांना स्वर्गातल्या देवदूतांच्या गायनात जागा मिळणार नाही, हे तिने वरिष्ठांना लेखी कळवलं! तिने रचलेल्या एका संगीतनाट्यात सगळे सद्गुण गातात आणि सैतान तेवढा ओरडत बोलतो, त्याला सूरच नाही. त्या पत्रातली धार तिथूनच आलेली आहे.

कोलोनचे आर्चबिशप तिच्या बाजूने उभे राहिले. सरदाराला माफी मिळाली होती याचे साक्षीदार पुढे आले. तरी मध्ये बंदी एकदा उठून पुन्हा लागली. तिने इटलीत असलेल्या माइन्झच्या आर्चबिशपांना लिहिलं, आणि मार्च ११७९ मध्ये बंदी कायमची उठली. १७ सप्टेंबर ११७९ ला ती गेली.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. आपल्या मठात ती फक्त उमराव घराण्यांतल्या मुली घ्यायची. टेंक्सविंड नावाच्या दुसऱ्या मठप्रमुख बाईने तिला याबद्दल विचारलं, की येशूने तर कोळी निवडले होते, मग हे कसं? त्यावर सगळी जनावरं एकाच गोठ्यात कोण बांधतं, असा हिल्डेगार्डचा जबाब. हे उत्तर मला अजूनही खुपतं. टेंक्सविंडचंच बरोबर होतं.

पण तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर तिला बंडखोर म्हणणं मला पटत नाही. तिने चर्च सोडलं नाही, सोडायचा विचारही तिच्या मनाला शिवला नसता. चर्च जे शिकवतं तेच तिने चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे धरलं. खरोखर विश्वास ठेवणारं माणूसच हे करू शकतं. नुसत्या भीतीपोटी वागणाऱ्याने रातोरात ते प्रेत उकरून टाकलं असतं. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला 'डॉक्टर ऑफ द चर्च' (ज्यांची शिकवण चर्च विशेष मोलाची मानतं अशा संतांना मिळणारी) ही पदवी दिली. माइन्झला लिहिलेलं ते पत्र आजही वाचायला मिळतं. पुढचा वाद घालण्याआधी तुम्ही ते एकदा वाचा, एवढंच मी सगळ्यांना सांगते.