बापूंचा तीन बँडचा रेडिओ : पोळा ते कोजागिरी

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा सेट मुका होता. आता बोलतो. मधल्या दोन महिन्यांत काय काय झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण एका आवाजानं मला तीन आठवडे भलत्याच वाटेला लावलं होतं आणि खेड्यात राहून मिडियम वेव्ह ऐकणाऱ्यांना तो आवाज आज ना उद्या भेटणारच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : सेट माझ्या वडिलांचा, बापूंचा. १९७४ साली धान विकून घेतलेला. लाकडी पेटी, एक मिडियम वेव्ह, दोन शॉर्टवेव्ह, सात ट्रान्झिस्टर, चार मोठे सेल. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर गीतमाला लागायची तेव्हा आमच्या अंगणात आठ-दहा माणसं बसलेली असत, एवढं मला लहानपणचं पक्कं आठवतं. बापू गेल्यावर सेट पंधरा वर्षं माळ्यावर पडून होता. आमचं गाव साकोली तालुक्यात, भंडारा जिल्ह्यात.

पोळा

पोट्टे तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी रंगवत बसले होते, त्यांच्याच बाजूला मी चटईवर सेट उघडला. सेलच्या घरात हिरवा-पांढरा खार साचला होता. पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या आणि वरून कथील चढवलं. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, धन-ऋण टोकांचे सुटे भाग) बदलले, नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेले. एक सांगून ठेवतो : हे जुने सेट पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरचे, म्हणजे चॅसिसला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) सेलचं धन टोक असतं. आजच्या सवयीनं ऋण टोक चॅसिसला धराल तर नवा कपॅसिटर उलटा बसेल. जुना काढायच्या आधी त्याच्या टोकांचा फोटो काढून ठेवा.

एवढं करूनही स्पीकरमध्ये फक्त बारीक हिस्स. स्टेशन एकही नाही.

गणपतीचे दिवस

दोष निघाला एएफ ११७ या ट्रान्झिस्टरमध्ये. या जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर ज्यांच्याकडे असतील त्यांनी हे वाचाच. त्याला चार पाय असतात : एमिटर, बेस, कलेक्टर आणि चौथा बाहेरच्या डबीचा. वर्षानुवर्षं पडून राहिलं की डबीच्या आतून कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतल्या तारांना जाऊन टेकतात. मग ट्रान्झिस्टर चांगला असूनही डबीमार्फत शॉर्ट होतो. मी मीटर लावून पाहिलं तर डबी आणि कलेक्टर जोडलेले. डबीचा चौथा पाय नेलकटरनं कापला आणि सेल घातले. नागपूर केंद्र लागलं! सूर दबका होता, पण लागलं. आई आतून हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

पाय कापून काम झालं नाही तर समजा की तंतूंनी आतल्या तारा एकमेकींना जोडल्यात. मग तो ट्रान्झिस्टर बदलावाच लागतो.

नवेगावबांधची फेरी

डायलचा दोरा तुटलेला होता. शिलाईचा दोरा घालून पाहिला तर दोन दिवसांत सैल पडला. नायलॉनची तंगूस पुलीवरून घसरते, ती तर घालूच नका. विणलेला, न ताणणारा, अर्ध्या मिलिमीटरचा दोरा हवा होता.

पोट्ट्यांना नवेगावबांधचा तलाव दाखवायचा कधीपासून राहिला होता. एका रविवारी सकाळच्या एसटीनं निघालो, आई, ही, दोन्ही मुलं. डब्यात सांबारवडी आणि भाकरी. आमच्या भागातल्या जुन्या तलावांची हकिगत मुलांना सांगायची होती : नवेगावचा तलाव कोळू पाटील कोहळ्यानं बांधला असं म्हणतात, आणि पूर्व विदर्भातले कितीतरी तलाव याच कोहळी लोकांच्या हातचे, धानाला पाणी मिळावं म्हणून. मुलाला त्यापेक्षा डोंग्यात बसायचं होतं. परतताना मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे विणलेला दोरा मिळाला, वीस रुपयांत एवढा की दहा सेट ओवून होतील.

ओवायची पद्धत : गँग कंडेन्सर (स्टेशन बदलताना फिरतो तो भाग) पूर्ण बंद करून ठेवायचा, त्याच्या ड्रमवर म्हणजे चाकावर दोरा घ्यायचा, ट्यूनिंगच्या दांड्याला अडीच वेढे, आणि शेवटी स्प्रिंग. दोन वेढे दिले तर दोरा घसरतो, चार दिले तर एकावर एक चढतो. लेकीनं काटा चिमट्यात धरून ठेवला आणि मी गाठीवर नखाला लावायच्या पॉलिशचा थेंब टाकला. दुपारभर वाळू दिलं.

खरखर

आता मुख्य गोष्ट. सेट लागला तरी ऐकण्यासारखा नव्हता. एक तर सतत घूं घूं, आणि त्यात घड्याळासारखं टक्... टक्... टक्. मला वाटलं आउटपुटचा कपॅसिटर गळतो आहे. दोन कपॅसिटर उगीच बदलले. पूर्ण आवाज वाढवला की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि तिचं बरोबरच होतं, डोकं उठवणारा आवाज होता तो.

मग एका संध्याकाळी लाइन गेली. घूं घूं त्या क्षणी बंद! म्हणजे सेट ठीक होता, बिघाड घरात होता. दुसऱ्या दिवशी मेन स्विच पाडला आणि एकेक वस्तू लावत गेलो. हॉलचा स्वस्तातला एलईडी बल्ब, सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर आणि मुलाच्या मोबाइलचा एक चार्जर, एवढे तीन चोर निघाले. यांच्या आतलं सर्किट करंट फार वेगानं तोडतं-जोडतं, तेच आपल्या बँडमध्ये येतं. बल्ब बदलला, अडॅप्टर रात्री काढून ठेवतो. चार्जरवरून मुलाशी अजून बोलणी चालू आहेत.

पण टक् टक् लाइन गेल्यावरही चालूच होती. इथं माझं डोकं चालेना. लेक सेटजवळ बसून मोजत होती. म्हणाली, "बाबा, एका मिनिटात अठ्ठेचाळीस होते." म्हणजे सव्वा सेकंदाला एक. लाइन नसतानाही चालणारी आणि सव्वा सेकंदाला ठोका देणारी वस्तू गावात कोणती? झटका मशीन! रानडुकरांसाठी धानाच्या बांधीभोवतीच्या तारेत विजेचे झटके सोडतं ते, सोलरच्या बॅटरीवरचं.

चांगल्या कुंपणाचा एवढा आवाज येत नाही. तार कुठं गवताला, ओल्या फांदीला टेकली की तिथं ठिणगी पडते, आणि ती ठिणगी रेडिओत वाजते. ती शोधायला फेराइट रॉडच, म्हणजे सेटच्या आतली अँटेनाची कांडी, कामाला आला. रॉडचं टोक आवाजाच्या दिशेला केलं की आवाज सगळ्यात कमी होतो. आधी अंगणात सेट फिरवून ती दिशा धरली, मुलानं काडीनं मातीत रेघ ओढली. मग शाळेजवळ जाऊन तेच केलं. दोन्ही रेघा मिळाल्या त्या शेजारच्या भाऊच्या बांधीच्या कोपऱ्यात.

त्याला जाऊन सांगितलं. "काहून? मशीन तं बरोबर चालून राह्यली," तो म्हणाला. अंधार पडताना धुऱ्यावर गेलो. जसजसे कोपऱ्याकडे चाललो तसतशी टक् मोठी होत गेली. शेवटच्या बांबूवरचं इन्सुलेटर फुटलं होतं आणि त्याजागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. त्यावर दव पडलेलं, आणि दर सव्वा सेकंदाला तिथं निळा ठिपका, बारीक चट् आवाजासकट. लेक तोंडावर हात ठेवून बघत होती. भाऊनं मशीन बंद केली, मगच आम्ही हात लावला. बंद केल्याशिवाय तारेच्या जवळसुद्धा मुलांना नेऊ नका. नवं इन्सुलेटर लावलं, धुऱ्यावरचं गवत कापलं. भाऊचाही फायदा झाला, तिथं झटका मातीत मुरत असल्यानं पुढच्या तारेला जोरच नव्हता आणि डुकरं त्याच अंगानं शिरत होती.

घरी आलो, सेट लावला. एकही टक् नाही.

कोजागिरी

सेट जुळवायचं राहिलं होतं ते त्या आठवड्यात केलं. खालच्या टोकाला ५८५ किलोहर्ट्झवरचं नागपूर धरून रॉडवरची कॉइल पुढे-मागे सरकवली, वरच्या बाजूला ९८१ वर रायपूर धरून ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवला. दोन्हीकडे पाच-सहा वेळा आलटून-पालटून करावं लागतं. आयएफच्या कॅनना (सेटच्या आतल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या कॉइलच्या डब्यांना) हात लावला नाही, त्या ४५५ किलोहर्ट्झवर व्यवस्थित होत्या.

कोजागिरीला अंगणात चुलीवर दूध ठेवलं आणि सगळे दिवे बंद केले. अंधार पडल्यावर आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या खूप उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर विरतो, दूरची स्टेशनं परत जमिनीकडे येतात, त्यामुळे ७३८ वर हैदराबाद स्वच्छ होतं. पण जवळचं नागपूर मात्र मधेच उतरत होतं. मी बाजेवर सेट ठेवून तारा-बिरा तपासत होतो. आई दूध ढवळता ढवळता म्हणाली, "तसा नोको ठेवू. तुह्ये बापू त्याले विहिरीकडं तोंड करून ठेवत."

मी फिरवला. नागपूर एकदम भरून आलं.

विहीर आमच्या घराच्या पश्चिमेला आहे. नागपूरही पश्चिमेलाच. फेराइट रॉड पेटीच्या लांबीत बसवलेला असतो, म्हणून सेटचं तोंड पश्चिमेला केलं की रॉड नागपूरला आडवा येतो आणि सगळ्यात जास्त सिग्नल पकडतो. बापू चौथीपर्यंत शिकलेले. रॉड, कॉइल त्यांनी कधी पाहिली नसणार, पेटी त्यांनी उघडलीच नव्हती. कान लावून, सेट फिरवून फिरवून त्यांनी ती जागा शोधली असणार. कोनाड्यातल्या लाकडावर पेटीच्या चार पायांच्या खुणा अजून आहेत, तिरप्या, विहिरीच्या रोखानं. मी लहानपणापासून त्या खुणा पाहत आलो आणि मला वाटायचं ते लाकूडच तसं घासलंय.

सेट आता त्याच खुणांवर ठेवला आहे. व्हॉल्यूमच्या पॉटची (आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागच्या भागाची) खरखर बाकी आहे, आणि दुसरा शॉर्टवेव्ह बँड अजून मुका आहे, बँड स्विचचे दोन पत्रे काळे पडलेत. ते काम धान कापणीनंतर. कोणाकडे जुन्या सहा पट्ट्यांच्या बँड स्विचचा खराब सेट पडलेला असेल तर कळवा, मी साकोलीपासून गोंदियापर्यंत कुठंही येऊन घेऊन जाईन.