नमुन्याच्या पानावरची कविता : डेबियन पॅकेजिंगचा माझा अनुभव

मला आवडणारा एक देवनागरी फॉन्ट डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नव्हता. नवं मशीन आलं की झिप उतरवायची, फाइली योग्य फोल्डरमध्ये टाकायच्या, फॉन्टची कॅश ताजी करायची. ऑफिसातल्या दोघांना हेच करून दिल्यावर त्याचं पॅकेज, म्हणजे एका कमांडने बसवता येईल असा संच, करायला बसलो. दोन संध्याकाळी पुरतील असं वाटलं होतं. चार महिने लागले.

सुरुवात सोपी होती. ‘हे पॅकेज मी करतोय’ अशी आयटीपीची (पॅकेज करण्याच्या इराद्याची) नोंद डेबियनच्या बगांच्या यादीत टाकली, म्हणजे तेच काम दुसरं कोणी हाती घेत नाही. पण डेबियनच्या नियमांप्रमाणे सोर्स हवाच, आणि फॉन्टचा सोर्स म्हणजे ज्या फाइलीत अक्षरं काढली ती. साइटवर फक्त तयार फॉन्टची टीटीएफ फाइल होती. फॉन्टकर्त्यांना मेल केला. ती फाइल कुणाला हवी असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली.

सोर्स पॅकेजमध्ये मूळ लेखकाचा टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइलींचा गठ्ठा), पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या आपल्या ‘डेबियन’ फोल्डरचा वेगळा टारबॉल आणि दोन्हींचे चेकसम (फाइल बदलली तर ओळखू येणारे आकडे) नोंदवणारी डीएससी फाइल असते. ही वाटणी मला फार आवडते. मूळ काम कुणाचं आणि आपण त्यात काय घातलं, हे कोणीही उघडून पाहू शकतं.

लॅपटॉपवर बिल्ड, म्हणजे सोर्सपासून पॅकेज बनवणं, पहिल्याच फटक्यात झालं. एसबिल्ड या बिल्डच्या साधनात मात्र लगेच पडलं, कारण तिथे कोऱ्या सिस्टीमवर मूलभूत साधनं आणि पॅकेजच्या गरजा लिहिलेल्या कंट्रोल फाइलीत मागितलेलंच तेवढं बसवतात. फॉन्ट बनवणाऱ्या फॉन्टफोर्जचं पायथन मॉड्यूल माझ्याकडे कधीचंच होतं, म्हणून त्या फाइलीतल्या बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत) लिहायचं राहिलं होतं. पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनच्या तक्रारी एका संध्याकाळी मिटवल्या.

अपलोडचा अधिकार मला नव्हता. एका डेबियन डेव्हलपर बाईंनी पॅकेज तपासलं, वर्णनातली फॉन्टची भलामण काढायला लावली आणि स्वतःच्या डिजिटल किल्लीने सही करून ते नव्या पॅकेजांच्या ‘न्यू’ रांगेत पाठवलं. तिथे माणसं प्रत्येक नव्या पॅकेजचे परवाने वाचतात.

तीन आठवड्यांनी नकार आला. टारबॉलमध्ये फॉन्टचा नमुना दाखवणारी एक पीडीएफ होती आणि तिच्यात एक मराठी कविता अख्खी छापलेली होती. कवीला जाऊन पुरती ४० वर्षंही झाली नव्हती. आपल्याकडे कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. फॉन्टचा ओएफएल (मुक्त फॉन्टांचा) परवाना मी शब्दन् शब्द वाचला होता, बिल्डच्या स्क्रिप्टचा एमआयटी परवानाही पॅकेजमधले सगळे परवाने नोंदवायच्या कॉपीराइट फाइलीत वेगळा नोंदवला होता. ती कविता तर मी दोनदा वाचली होती, कारण ती सुंदर आहे. ती द्यायचा हक्क फॉन्टकर्त्यांना कुठून आला, हा प्रश्न मला पडला नव्हता. कॉपीराइट फाइल म्हणजे शेवटी भरायचा फॉर्म, अशी माझी समजूत होती. आता मी तिथूनच सुरुवात करतो, आणि चित्रं, पीडीएफ, चाचणीच्या फाइली आधी उघडतो.

कॉपीराइट फाइलीत वगळायच्या फाइलींमध्ये ती पीडीएफ टाकली, टारबॉल पुन्हा बांधला, आवृत्तीच्या आकड्याला ‘+डीएफएसजी’ (डेबियनच्या नियमांसाठी मूळ टारबॉल बदलल्याची खूण) जोडलं. फॉन्टकर्त्यांना नुसतं ‘काढा’ म्हणणं बरं वाटेना, म्हणून नमुन्याचं नवं पान करून पाठवलं: तऱ्हा, कोल्ह्यांच्या, वाङ्मय, उद्ध्वस्त, शिवाय मराठी वळणाचे ल आणि श. फॉन्ट कुठे चुकतो ते अशाच शब्दांत दिसतं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते पान घेतलं.

दुसऱ्या खेपेला पॅकेज सिडमध्ये, म्हणजे डेबियनच्या नव्या पॅकेजांच्या शाखेत गेलं, पण पुढच्या, टेस्टिंग शाखेत सरकेना. न्यू रांगेसाठी बायनरी (बिल्ड झालेलं पॅकेज) त्या डेव्हलपर बाईंच्या मशीनवर झाली होती आणि टेस्टिंगला डेबियनच्या सर्व्हरवर बिल्ड झालेलीच लागते. मग पॅकेजची -२ आवृत्ती, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) एकच ओळ: सोर्स-ओन्ली अपलोड, म्हणजे फक्त सोर्स, बायनरी नाही. पाच दिवसांनी ती टेस्टिंगमध्ये पोचली. त्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मशीनवर एका कमांडने फॉन्ट बसवला आणि तिने पहिला शब्द टाइप केला तो तिचं आडनाव, ‘कऱ्हाडकर’. ऱ्ह नीट उमटला.